पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात नासणारी रामनदी: दोष फक्त सांडपाण्याचा का?

बावधनकर: पुण्यातली रामनदी भूगावच्या बाजूने येऊन बावधन, पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळेला मिळते. आमची सोसायटी तिच्या काठावरच आहे. मार्च उजाडला की पात्रात काळपट, वास मारणारी धार तेवढी उरते. जूनमध्ये मात्र अर्धा तास पाऊस कोसळला तरी तेच पात्र दुथडी भरते आणि थोड्या वेळात ओसरतेही. सांडपाणी रोखले की नदी सुधारेल, असे सगळे म्हणतात. पावसाळी गटारांचा यात काही वाटा आहे का?

ओढेकरी: मोठा वाटा आहे. लोंढा आणि कोरड ही दोन दुखणी नसून एकच आहे. टेकडीच्या गवतात आणि मुरुमात जिरलेले पाणी पुढे कित्येक महिने झऱ्यांतून पाझरत असे. आता गच्ची, डांबर आणि पेव्हिंग ब्लॉक यांवरून ते काही मिनिटांत पात्रात उतरते, आणि पहिल्या सरीबरोबर रस्त्यावरचे तेल व टायरची भुकटीही घेऊन येते. त्या वेगाने तळाचे गोटे गडगडतात. त्या गोट्यांच्या खालच्या अंगाला चिकटून राहणाऱ्या अळ्यांवर मासे जगतात, त्यामुळे सांडपाणी उद्या बंद झाले तरी नुसत्या लोंढ्यांनी उपटलेल्या तळात जीवसृष्टी परतणे अवघड आहे. काठाला सीमाभिंत बांधली की वेग आणखी वाढतो.

मुरूम_आणि_खडक: सहमत, मात्र अशा वेळी पाणी जिरवण्यासाठी 'शोषखड्डे खणा' असा जो सरसकट सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. पुण्याखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. मुरूम लागला तर पाणी जिरते, अखंड कातळ लागला तर तो खड्डा नसून हौद होतो (आणि पुढे डासांचे माहेरघर). 1,000 चौरस मीटर गच्चीवर 20 मिलिमीटर पाऊस पडला की 20,000 लिटर पाणी जमते. ते टाकीत अडवून बारीक तोटीने दिवसभरात सोडले, तरी लोंढ्याचा जोर मोडतो.

बावधनकर: आज छत्री घेऊन पाहून आलो. आमच्या गच्चीचे चारही पाइप सिमेंटच्या पन्हळीतून थेट नदीकडच्या चेंबरमध्ये जातात आणि शेजारची बाग त्या पन्हळीपेक्षा वीतभर उंच आहे. माती उतरवून दोन पाइप बागेत वळवण्याचा विषय पुढच्या सभेत मांडतो. टाकीसाठी जागा कोणाच्या पार्किंगमधून काढायची, यावरच खरा वाद होणार.