विषय: १ लाख ८० हजार किमी पळालेली थार घ्यावी का?

प्रेषक: वेळणेश्वरकर, मस्कत

नमस्कार मंडळी,
गणपतीला घरी चाललोय. दर खेपेला चिपळूणहून भाड्याची गाडी करायचा कंटाळा आला, म्हणून घरी एक गाडी ठेवावी म्हणतो. दापोलीकडे एक थार बघून ठेवली आहे. २०१२ ची, सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाची), फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी). साडेपाच लाख मागतोय. फोटोत झकास दिसते, खालूनसुद्धा काळी कुळकुळीत. बाबांचं म्हणणं, एवढी पळालेली गाडी म्हणजे डोक्याला ताप. जाणकारांनी सांगावं.

प्रेषक: मालगुंडचे काका (पूर्वी दुबई)

अरे, बाबांना सांग, किलोमीटरचं एवढं मनावर घेऊ नका. हे अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर दोन लाखांनंतरही कुरकुरत नाही. आणि कुरकुरलंच तर उतरवून काम करता येतं.

मला खटकलं ते तुझं 'खालून काळी कुळकुळीत'. समुद्राकाठी इतकी वर्षं काढलेली गाडी खालून तांबड्या मातीने माखलेली असायला हवी. विकायच्या तोंडावर ताजं कोटिंग कशाला मारलं? थारची बॉडी चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेली असते आणि चासी आतून पोकळ. खारं पाणी नि वाळू आत जाऊन बसते, गंज आतून पत्रा खात बाहेर येतो. हातोडी घेऊन जा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर चासीला जिथे जोडलेत तिथे ठोक. टण्ण वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. रुतला की पुढचं काही बघायचंच नाही.

मालक धंदा काय करतो? पाहुण्यांना वाळूवर फेऱ्या मारून आणणारा असेल तर मीटर काही सांगत नाही. लो रेंजमध्ये (जास्त जोराच्या, हळू गियरमध्ये) तासभर वाळूत रेटली तरी मीटर चार-पाच किलोमीटरच पुढे सरकतो, पण क्लच नि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गियरचा डबा) तासभर मार खातात. हायवेचे दोन लाख परवडले, वाळूतले पन्नास हजार नकोत.

आधी फोन करून सांग, मी येईपर्यंत चावी लावू नका. गेल्यावर बॉनेटला हात लाव, गरम लागलं तर समज, आधीच सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन सुरू कर. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेव. जरा थरथरेल, ते चालतं; भकाभका धूर येऊन उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. फोर-लो (फोर बाय फोरची लो रेंज) डांबरावर टाकू नकोस. मातीचा चढ बघ, गाडी उभी कर, क्लच दाबून लिव्हर टाक आणि कुणाला तरी बाहेर उभं करून पुढची चाकं ओढतात का बघायला सांग.

अजून एक. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण-महाडच्या किती गाड्या बुडाल्या ते तुला माहीत आहेच. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. गाळाची रेघ तिथे धुवायची राहून जाते.

प्रेषक: गुहागरच्या ताई, बहारीन

काकांनी गाडीचं सांगितलं, मी कागदांचं सांगते. २०१२ ची म्हणजे आरसीची १५ वर्षं २०२७ मध्ये भरणार. पुढे आरटीओत फिटनेस करून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागेल. साडेपाच देताना हे हिशोबात धरा. फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाच्या अर्जांवर) सह्या झाल्याशिवाय पैसे सोडू नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आणि बँकेची एनओसी आधी हातात घ्या. गाडी बाबांच्या नावावर घ्या, पत्त्याच्या पुराव्याची कटकट नको.
आणि तुम्ही मस्कतला परत गेलात की तिला फिरवणार कोण? नुसती उभी राहिली की बॅटरी बसते, ब्रेक धरतात, वायरिंग उंदीर खातात. आमच्याकडे खाल्लंय.

प्रेषक: वेळणेश्वरकर

काल मेकॅनिकला घेऊन गेलो. इंजिन पहिल्या फिरकीला सुरू, धूर नाही, फोर-लोही पडतो. पण डाव्या हँगरपाशी स्क्रूड्रायव्हर आरपार! काळा पापुद्रा सोलला तर खाली जुन्या वेल्डिंगची पट्टी, आणि पट्टीच्या कडेने पत्रा पुन्हा कुजलेला. मालक म्हणतो, "कोकणात एवढं चालायचंच." चार लाखांवर आलाय. इंजिन इतकं चांगलं आहे की मन होत नाही सोडायला.

प्रेषक: मालगुंडचे काका

चारला नको, तीनलाही नको. वेल्डिंगला धरायला चांगला पत्रा लागतो, तोच तिथे उरलेला नाही. भरल्या गाडीचा पाटा कुंभार्ली घाटात सुटला तर इंजिन घेऊन काय करशील?

घाटावरची बघ, कऱ्हाड-कोल्हापूरची. एमएच-५० नाहीतर एमएच-०९. पण नुसत्या नंबरावर जाऊ नकोस. कंपनीच्या वर्कशॉपातून सर्व्हिसचा इतिहास काढून घे, गाडी कुठे राहिली ते त्यावरून कळतं. आणि फोर बाय फोरचा हट्ट कशाला? तुझ्या अंगणापर्यंत डांबर आलंय. साधी बोलेरो घे. पार्ट गुहागरात मिळतील आणि बाबा तिला बाजाराला तरी नेतील, म्हणजे ताईंच्या उंदरांचाही प्रश्न मिटला.