चित्रातला रंग थेट मनात घुसला, असं कधी झालंय?

रानजाई
काल रात्री लाइट गेले. लेकीने मेणबत्ती लावली आणि वाऱ्याने विझू नये म्हणून हात आडवा धरला. बोटांच्या कडा लालबुंद! एकदम चित्रकार हळदणकरांची दिवा धरलेली बाई आठवली. म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये पाहिली होती, कॉलेजच्या सहलीत. सगळे पुढे गेले, मी तिथेच. बोटांतून झिरपणारा तो केशरी-लाल, चेहऱ्यावर चढलेला पिवळा, मागे अंधार. तेव्हा घरी आजी अंथरुणावर होती. त्या उजेडाने मला धीर दिला, खरंच. तुम्हीही लिहा ना.

वाटसरू
ते रविवर्म्याचं आहे ना?

कुंचला
नाही हो, रविवर्मा १९०६ मध्येच गेले. हे सावळाराम हळदणकरांचं, १९४५-४६ च्या सुमारचं. आपले सावंतवाडीचे. मॉडेल त्यांची मुलगीच. आणि जलरंग आहे बरं का! जलरंगात उजेड मागाहून चढवता येत नाही, कागद राखावा लागतो. मी सध्या शिकतेय म्हणून कळतं, अंधाराचा एक थर जास्त झाला की दिवा मेलाच.

सदाफुली
माझं उलटं. माद्रिदला पिकासोचं गेर्निका पाहिलं, युद्धावरचं ते चित्र. पावणेआठ मीटर लांब आणि नुसता काळा, पांढरा, राखाडी. मेलेलं पोर घेतलेली ती आई... हुंदकाच आला. रक्त लाल असतं तर मी नजर वळवली असती.

मोरपीस
बाबा मार्चमध्ये गेले. तेव्हापासून पिकासोची निळी चित्रं बघवत नाहीत. त्याचाही जिवलग मित्र गेला होता, १९०१ मध्ये. पुढची काही वर्षं निळाच निळा. पूर्वी मला त्यात शांत वाटायचं, आता गारठायला होतं.

रानजाई
मोरपीस, काळजी घे गं. विपू (विचारपुशीतला निरोप) बघ.

कातळ
अजिंठा कोणीच नाही? १ नंबरच्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी! गेरू, पिवळी माती, काजळी, आणि त्यातून एवढी करुणा. आमचे सासरे देव मानत नाहीत, तिथे हात जोडून उभे होते.

कैरी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीत सरांनी माझं जांभळं झाड खोडून हिरवं करायला लावलं. पण परसातला फणस संध्याकाळी जांभळाच दिसायचा! अजून राग येतो.

वाटसरू
फणस कापा की बरका?

कैरी
बरका. आई साठं (फणसपोळ्या) घालते दरवर्षी.

सदाफुली
साठांची कृती टाक ना, वेगळा धागा काढ!