अनुभव धागा: पबमध्ये वाजवलेली एक रात्र

खर्जातला (बेस गिटार, पुणे)

तीन-चार जणांचा बँड घेऊन पबमध्ये कधी वाजवलं असेल, तर त्यातली एक रात्र इथे लिहा. लोकांनी डोक्यावर घेतलं, वन्स मोअर मिळाला, हे एका ओळीत उरका. मला ऐकायचंय ते बाकीचं. उभं कुठे केलं, आवाज कोणी लावला, मॅच चालू होती का, जेवायला काय दिलं, पैसे कधी आले. पबचं नाव लिहू नका, उगाच भांडणं नकोत.

सुरुवात मीच करतो. बाणेरकडचा गच्चीवरचा पब, शुक्रवार. स्टेज म्हणजे दोन टेबलं हलवून केलेली जागा, मागे कुंड्या. पहिला सेट अर्ध्यावर आला तसा मॅनेजर गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडे. "दादा, बेस कमी करा, समोरच्या सोसायटीतून फोन आलाय." आमचा गिटारवाला कान फाटतील असा वाजवत होता, त्याला एका शब्दाने कोणी बोललं नाही. पण मॅनेजरचं चूक नव्हतं. माझी सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची, तिची लाट आठ मीटरहून लांब. असला आवाज काच, पडदा, बांबूची चटई कशालाच जुमानत नाही. सोसायटीतल्या आजोबांना गाणं कुठलं तेही कळत नसणार, नुसती खिडकी थरथरत असणार.

त्यात गच्ची. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे. बंदिस्त जागेत आतल्या आत वाजवायला सूट आहे, पण डोक्यावर आभाळ असलेली जागा बंदिस्त कशी म्हणणार? आम्हाला साडेआठची वेळ देऊन उभं केलं नऊनंतर, कारण एका ऑफिसच्या पार्टीची भाषणं संपत नव्हती. दुसरा सेट मग लाउडस्पीकर बंद ठेवूनच. ड्रमर काहोनवर, म्हणजे वर बसून हाताने वाजवायच्या लाकडी पेटीवर बसला, साधी गिटार, गायक टेबलांमधून फिरतोय. मी काय करणार? टाळ्या धरल्या आणि कोरस गायलो. कोरस बरा झाला म्हणतात.

बाराचीलोकल (ड्रम, डोंबिवली)

मुंबईत बऱ्याच ठिकाणी ड्रमचा सांगाडा पबचा असतो. आपण न्यायचे ते ब्रेकेबल्स, म्हणजे स्नेअर (छोटा कडक आवाजाचा ड्रम), सिंबल (झांजा), पेडल. संध्याकाळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीला त्या मानाने गर्दी कमी, मालडब्यात सामान ठेवून उभं राहता येतं. तिथे हमखास कोणीतरी विचारतं, "ताशा आहे का?" मी हो म्हणतो.

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातला पब, आयपीएलचे दिवस. मोठ्या पडद्यावर मॅच, आवाज बंद, आणि पडदा नेमका आमच्या डोक्यावर. सगळे आमच्याकडे तोंड करून बसलेले, नजर मात्र दोन फूट वर. आमच्या गायिकेने एक संथ गाणं धरलं, समेवर आली आणि अख्खा पब ओरडला. ती लाजून हसली. मग मागे वळून वर बघितलं तर सिक्स. पुढे बेसवाल्याने युक्ती काढली: ओव्हर संपून जाहिराती लागल्या की गाणं सुरू करायचं. चालली ती!

माझं दुखणं वेगळंच. ड्रमखाली सतरंजी नव्हती. गुळगुळीत फरशीवर किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा) दर ठोक्याला पुढे सरकतो, मी स्टुलासकट त्याच्या मागे. असेच गेलो असतो तर पहिल्या टेबलावरच्या नाचोजपर्यंत पोचलो असतो. शेवटी एका वेटरने दारातलं पायपुसणं आणून खाली सरकवलं. त्या माणसाला मी माझ्या वाटणीतून टिप दिली. त्याने वेळ वाचवला आणि मला घाई होती: सेट लांबून शेवटची गाडी गेली की डोंबिवलीपर्यंतची टॅक्सी मानधन खाऊन टाकते.

नॉबवाला (साउंड, मुंबई)

मी बँडमधला नाही, मिक्सरमागचा. चालेल ना?

खर्जातला

चालेलच. तुमच्याशिवाय आमचं ऐकतं कोण.

नॉबवाला

तर ऐका. पब छोटा, बँड कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेल्या पोरांचा. सगळं लावलं आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. विजेचा ५० हर्ट्झचा घरघराट. पोरं केबल बदलतायत, गिटार बदलतायत. मी कीबोर्डवाल्याच्या लॅपटॉपचा चार्जर उपटला, घरघर गायब. एकाच सिस्टीमला दोन वाटांनी अर्थिंग मिळालं की हे होतं. बॅटरी तासभर पुरेल का विचारलं, तो म्हणाला चाळीस मिनिटं. मग डीआय बॉक्स नावाची जोडणीची डबी मधे घालून अर्थिंगची एक वाट तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, चार्जर परत लावला.

दुसरं, संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज रात्री उपयोगाचा राहत नाही. दोनशे माणसं आत आली की अंगं आणि कपडे वरचे सूर गिळतात, तोच गळा अचानक गोधडीतून आल्यासारखा वाटतो. त्यामुळे पहिल्या गाण्यात माझे हात थांबत नाहीत. आणि तेवढ्यात गायकाने रॅपरसारखी माइकच्या जाळीभोवती मूठ आवळली. माइकला मागचा आवाज टाळायला जी भोकं असतात तीच बंद होतात, माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो, आणि शिट्टी! सगळे वळून माझ्याकडे बघतात. मूठ त्याची, शिव्या मला.

मांडवीपार (कीबोर्ड, बार्देस, गोवा)

आमच्याकडे सीझन ऑक्टोबर ते मार्च. मालकाला हवा असतो "टू-पीस": एक गळा, एक कीबोर्ड, ड्रम कीबोर्डच्या पोटातले. त्या रात्री मी माझ्या भावाला ट्रम्पेट घेऊन फुकट बरोबर नेलं होतं. मालक म्हणाला, जेवण दोघांचंच. बरं.

एका टेबलाला हिंदी हवं, शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज जोडप्याला वॉल्ट्झ. मधेच वीज गेली. कीबोर्ड मेला, माइक मेला, जनरेटर सुरू होईना. भाऊ उठला आणि अंधारात वाजवत राहिला. तो शिकला चर्चच्या शाळेत, जुन्या पद्धतीने, आधी सोल्फा (डो-रे-मी म्हणत सूर वाचणं) मग वाद्य. त्याच शाळांतून शिकून गोंयकार वादक मुंबईच्या हॉटेलांत गेले. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट ताजमध्ये वाजवायचे. १९४९चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतले बँड आटले, बरेचजण सिनेमाच्या वाद्यवृंदांत वळले. म्हणजे दारू बंद की बँड बंद, हे नातं जुनंच.

वीज आल्यावर मालकाने तिसरी थाळी पाठवली, किंगफिश तळलेला. मागावी लागली नाही.

टेम्सपार (गिटार, रेडिंग, इंग्लंड)

इकडे रविवारी दुपारी वाजवतो, आम्ही दोघं मराठी आणि एक आयरिश फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला. पबमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, आवाज जागीच मरतो. परवान्याची कटकट नाही. २०१२च्या लाइव्ह म्युझिक कायद्यापासून छोट्या पबना सकाळी आठ ते रात्री अकरा बँड लावायला वेगळी परवानगी लागत नाही. त्याआधीची मंडळी सांगतात, पूर्वी दोनपेक्षा जास्त वादक झाले की परवाना. तिसऱ्याने काय बाहेर उभं राहायचं? एकदा अभंगाचा ठेका धरला, फिडलवाला त्यावर रील, म्हणजे आयरिश नाचाची जलद धून, वाजवायला लागला आणि बारवरच्या आजी उठून नाचल्या. पैसे म्हणाल तर बिअरचा जग फिरवतात, त्यात नाणी.

सप्तकताई (गायन, ठाणे)

@बाराचीलोकल, ती लाजून हसलेली गायिका मी नव्हे, पण माझंही झालंय तसं.

माझा अनुभव माइकचा. वाढदिवसाचं टेबल असतंच. केक आला की बँडने थांबायचं, वाढदिवसाचं गाणं म्हणायचं, इथपर्यंत ठीक. मग त्यातले एक काका येतात. "बेटा, एकच गाणं गातो." माइक हातातून घेतात. पट्टी विचारली तर म्हणतात, "तुम्ही वाजवा, मी येतो." येत नाहीत. आता मी माइक स्टँडवरून काढतच नाही आणि स्टँड माझ्या उंचीला घट्ट करून ठेवते. काकांना वाकावं लागतं, एका कडव्यात पाठ दुखते.

खर्जातला

पैशांबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही.

सप्तकताई

लिहिते. निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. २०२४ला ठाण्यात १८ मे, शनिवारची तारीख होती. लोकसभेचं मतदान सोमवारी, २०ला. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दारू बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळपासूनच शटर खाली. मालकाने आगाऊ रक्कम पुढच्या तारखेत धरली आणि मोठ्या मनाने तारीखही दिली, १७ सप्टेंबर. मीच कालनिर्णय उघडून दाखवलं: अनंत चतुर्दशी, परत ड्राय डे. शेवटी दिवाळीनंतर वाजवलं. जेवण छान होतं, गर्दीही. उरलेले निम्मे "अकाउंट्सकडे गेलेत, ताई", ते अजून तिथेच आहेत.