मदत हवी आहे: हायपरब्रँच्ड पॉलिइथरचं ॲडहेसिव्ह पावसाळ्यात फेसाळतंय आणि ॲल्युमिनियमवरून सुटतंय

नमस्कार मंडळी,

पॉलिमरवाले, रंगवाले, फाउंड्रीवाले, कोणीही असाल तर कृपया वाचा. मी कोल्हापुरात पीएचडी करतेय. विषय हायपरब्रँच्ड पॉलिइथर (झाडासारख्या अनेक फांद्या फुटलेले मोठे रेणू) आणि त्यांचा चिकटपणा. पॉलिमर नीट बनतंय, पण त्याचा सांधा टिकत नाही.

रीत १९९९ च्या झुंडर, हान्सेलमान, फ्राय आणि म्युलहाउप्ट यांच्या पेपरातलीच आहे. ट्रायमिथायलॉलप्रोपेन घेऊन त्यातले साधारण १० टक्के हायड्रॉक्सिल (ओएच गट) पोटॅशियम मिथॉक्साइडने सक्रिय करायचे, मिथेनॉल व्हॅक्यूमने काढायचं, ९५ अंशांवर ग्लिसिडॉल सिरिंज पंपाने अगदी हळू सोडायचं. हळू अशासाठी, की नवा रेणू आधीच वाढत असलेल्या झाडालाच लागावा, स्वतःची वेगळी साखळी सुरू करू नये. (नवीन मुलांसाठी: ग्लिसिडॉल कॅन्सरच्या दृष्टीने आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २ए गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करण्याची दाट शक्यता असलेल्यांत, आहे. फ्यूम हूडबाहेर बाटली उघडू नका.) कार्बन एनएमआरवर शाखांचं प्रमाण (० म्हणजे सरळ साखळी, १ म्हणजे पूर्ण फांद्यांचं झाड) ०.५५ च्या आसपास येतंय, म्हणजे त्याबद्दल तक्रार नाही.

पुढे हे पॉलिमर थोड्या डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून आयपीडीआय (रेणूंना एकमेकांशी जोडणारं आयसोसायनेट) आणि टिनचा कॅटॅलिस्ट घालते, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या १२.७ मिमी ओव्हरलॅप ठेवून जोडते आणि ८० अंशांवर क्युअर करते. उन्हाळ्यात लॅप शिअरचे (सांधा ओढून तोडायच्या चाचणीचे) आकडे बरे होते. जुलै लागला तसा थरात बारीक बुडबुडे दिसायला लागले. आता थर काचेसारखा तडकतो आणि एका पट्टीवरून सालासारखा सुटून येतो. मार्गदर्शक म्हणतात पॉलिमर बदल. मला तसं वाटत नाही, पण त्यांच्यासमोर ठेवायला माझ्याकडे काही नाही. दोष पॉलिमरचा, आयसोसायनेटचा की धातूच्या पृष्ठभागाचा, हे वेगळं कसं करायचं?

प्रतिसाद १

ताई, मी कोटिंगमध्ये आहे. आधी वहीत एक हिशेब मांडा.

तुमच्या पॉलिमरमध्ये प्रत्येक ग्लिसिडॉलमागे एक हायड्रॉक्सिल उरतो, म्हणजे ७४ ग्रॅमला एक. हायड्रॉक्सिल व्हॅल्यू (एका ग्रॅममध्ये किती हायड्रॉक्सिल, त्याचं माप) ७५८ च्या घरात गेली! बाजारातले लवचिक पॉलिओल याच्या जवळपासही नसतात. आयपीडीआय १११ ग्रॅमला एक एनसीओ (हायड्रॉक्सिलशी जुळणारा आयसोसायनेटचा गट). तेव्हा १०० ग्रॅम पॉलिमरला १५० ग्रॅम आयपीडीआय लागणार. जाळं इतकं दाट विणलं गेल्यावर ते तडकणारच. त्यात हायपरब्रँच्ड रेणू गोलसर असतात, लांब साखळ्यांसारखे एकमेकांत गुंतत नाहीत. त्यामुळेच त्यांची व्हिस्कॉसिटी कमी राहते आणि त्यामुळेच ताण सोसायला आधार मिळत नाही.

आता पाणी. १८ ग्रॅम पाणी दोन एनसीओ खातं. पॉलिमरमध्ये फक्त १ टक्का ओलावा असेल तर १०० ग्रॅममागे १२ ग्रॅमहून जास्त आयपीडीआय वाया जातं आणि सव्वा लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तुमचे बुडबुडे हेच. पॉलिग्लिसरॉल, म्हणजे तुमचं हे पॉलिमर, हवेतलं पाणी ओढतं, डीएमएफही ओढतं. शिवाय दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये कोंडलेलं डीएमएफ ८० अंशांवर जाणार कुठे? मला तर पाण्याइतकाच याचाही संशय आहे.

करून बघा: पॉलिमर वापरायच्या आधी रात्रभर व्हॅक्यूममध्ये ८०-९० अंशांवर ठेवा, कार्ल फिशर (पाणी मोजायची चाचणी) करा, डीएमएफ मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर) ठेवा. लेप लावल्यावर पट्ट्या लगेच मिटू नका, सॉल्व्हंट उडू द्या. एक तुकडा काचेवर उघडा क्युअर करा. तिथे फेस आला नाही आणि सांध्यात आला, तर अडकलेलं सॉल्व्हंट. दोन्हीकडे आला तर पाणी.

प्रतिसाद २

मी शिरोलीत फाउंड्रीचं कोअर शॉप (साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे बनवायचा विभाग) बघतो. तुमचं शास्त्र आपल्याला सगळं कळत नाही, पण ही कटकट ओळखीची हाय. आमच्या कोल्ड बॉक्समध्येबी (वाळू न तापवता घट्ट करायची रीत) एका बाजूला फिनॉलिक रेझिन, दुसऱ्या बाजूला आयसोसायनेट. पावसात वाळू ०.२ टक्क्यांच्या वर ओली झाली की कोअर हातात भुगा होतोय. पोरं रेझिनला शिव्या घालतात. आम्ही आधी वाळू तपासतो, मग ड्रमचं झाकण. आयसोसायनेटचा डबा परत परत उघडताय काय? उघड्या डब्यात वर पांढरी साय धरली असेल तर तो डबा टाकून द्या, गाळून वापरू नका.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काचेवरचा तुकडा आजच लावते. डब्यावर पांढरा थर आहे, दादा. एकच राहिलं: सगळं कोरडं करूनही पट्टीवरून स्वच्छ सुटलं तर?

प्रतिसाद १

थर सगळाच्या सगळा एका पट्टीवर राहिला आणि दुसरी चकचकीत निघाली, तर दोष पृष्ठभागाचा. ॲसिटोनने पुसून, एमरीने घासून, अमिनोप्रोपिल सिलेन (धातू आणि थर यांना जोडणारा अस्तर-लेप) लावून बघा. तुटलेला थर दोन्ही पट्ट्यांवर दिसला तर चिकटलंय व्यवस्थित, आतून फाटतंय. तेव्हाच पॉलिमरला हात घाला, आणि तोही बदलायला नव्हे: काही हायड्रॉक्सिल बंद करा किंवा थोडं पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिसळून जाळं सैल करा. पाण्याची ओढ मात्र ग्लायकॉलने कमी होणार नाही.

ती कमी करायची तर ३-इथाइल-३-हायड्रॉक्सिमिथाइल ऑक्झेटेन बघा. बोरॉन ट्रायफ्लोराइड इथरेटने कॅटायनिक पद्धतीने उघडतं, तेही हायपरब्रँच्ड पॉलिइथरच देतं, पण ११६ ग्रॅमला एक हायड्रॉक्सिल आणि पाण्यात विरघळत नाही. सरांना पॉलिमर बदललेलं हवंच असेल, तर हे दाखवता येईल.

काचेच्या तुकड्याचा फोटो टाका.