मदत हवी आहे: गृहकर्जाचा हप्ता वाढवून घ्यायचाय

नमस्कार मंडळी. ३० लाखांचं गृहकर्ज, मुदत २० वर्षं, फ्लोटिंग (बाजाराप्रमाणे बदलणारा) दर, सध्या ८.५ टक्के. हप्ता २६,०३५. परवा स्टेटमेंट काढलं आणि पोटात गोळाच आला. चार वर्षांत साडेबारा लाख भरले, मुद्दल उतरलंय जेमतेम पावणेतीन लाखांनी! हप्ता ३१,००० केला तर उरलेली १६ वर्षं साडेअकरावर येतात. फ्लोटिंग कर्ज आधी फेडलं तर दंड नाही, हे माहीत आहे. पण शाखेत म्हणतात, हप्ता वाढणार नाही, पार्ट पेमेंट करा, म्हणजे मुद्दलापैकी काही रक्कम एकदम भरा. त्यात बँकेने मुदत तीच ठेवून हप्ताच कमी केला तर? अर्जात नेमकं काय लिहावं? (आईच्या औषधपाण्याचे दोन लाख वेगळे आहेत, त्यांना हात लावायचा नाही.) कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.