घरचा कंप्युटर सुरूच होईना : तुमचे अनुभव लिहा

मे लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाचा ना कोणाचा कंप्युटर आडवा पडतोच. परवा शेजाऱ्यांचा पडला. बघायला आलेल्या प्रत्येकाचं निदान वेगळं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळ्यांनाच विचारावं.

"दुकानात नेला, झाला" एवढ्यावर भागवू नका. बटण दाबल्यावर नेमकं काय झालं ते आधी लिहा. अगदीच सामसूम? पंखा फिरतो पण पडदा काळा? की विंडोजचं चिन्ह येऊन तिथेच गोल गोल फिरत बसतं? तिन्हींची कारणं वेगळी असतात, आपण मात्र तिन्हीला "बंद पडला" म्हणून मोकळे होतो.

धरमपेठकर

पंखा फिरायचा, पडदा काळा, आणि आतून टूंऽ टूंऽ असा आवाज. हा आवाज म्हणजे मदरबोर्डची, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य पाटीची, तक्रार असते. किती वेळा वाजतो, लांब की आखूड, त्याचा अर्थ बोर्डाच्या कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून पुस्तिका पाहावी. माझ्याकडे दोष रॅमचा, म्हणजे कंप्युटरच्या तात्पुरत्या मेमरीचा, होता. प्लग काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, अंगातली स्थिर वीज निघावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून वर काढली. खालच्या सोनेरी दातांवर मळकट थर. आमच्याकडे डेझर्ट कूलरचं तोंड थेट टेबलाकडे, त्यात वाळ्याच्या ताट्या. ओलसर हवा आणि धूळ दोन्ही आतच जाणार. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसलं, पट्टी परत दाबून बसवली, खिट्ट्या टक् करून लागल्या. चालू! खर्च शून्य. कूलरचं तोंड मात्र तेव्हाच फिरवलं.

मानेवाडा रिंग रोड

आमच्याकडे अगदीच सामसूम होती. संध्याकाळी सगळ्या गल्लीतले कूलर-एसी एकदम लागले की व्होल्टेज असं पडतं की ट्यूबलाइट लुकलुकते. त्यातच एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला. त्याची तपासणी एका ओळखीच्या भावाने दाखवली: मदरबोर्डाचा २४ पिनांचा मोठा प्लग काढायचा, त्यातली हिरवी वायर आणि कोणतीही काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडायची, मग मागचा स्विच लावायचा. पंखा फिरला नाही तर डबा गेला म्हणून समजा. पण फिरला म्हणजे डबा ठणठणीत, असंही नाही. भार आल्यावर तो बसू शकतो. खरी परीक्षा मल्टिमीटरने, १२, ५ आणि ३.३ व्होल्ट नीट येतात का ते पाहून. आणि बापा, तो डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

अजनीची आजी

माझा कंप्युटर रंगकाम झाल्यावर सुरू होत नव्हता. नातू पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आजी, मोबाइल मागच्या बाजूला धर." पाहतो तर मॉनिटरची वायर वरच्या खाचेत, ग्राफिक्स कार्डाची खाच खाली रिकामी. बदलली, झालं. तुमच्या या खोडरबराची पाळीच नाही आली.

प्रतापनगर

पहिल्या पावसातल्या विजांचं कोणी लिहिलं नाही अजून. आमच्याकडे स्पाइक गार्ड होता, यूपीएसही होता, तरी बोर्ड जळला. कारण झटका सॉकेटमधून आलाच नाही, गच्चीवरून आलेल्या ब्रॉडबँडच्या तांब्याच्या वायरीतून आला. आधी राउटर गेला, मग राउटरपासून कंप्युटरला येणाऱ्या लॅनच्या वायरीने थेट मदरबोर्ड. उघडून पाहिलं तर लॅनच्या खाचेजवळची चिप काळी पडलेली. रॅम, प्रोसेसर, हार्ड डिस्क सगळं वाचलं, बोर्ड तेवढा बदलावा लागला. तेव्हापासून आभाळ गडगडलं की आमच्या घरात आधी लॅनची वायर निघते, मग टीव्हीचा प्लग.

सीताबर्डीत दुरुस्ती करतो

वरचं सगळं बरोबर आहे. खोडरबराबद्दल एकच सांगतो, त्याचा कचरा ब्रशने झाडून मगच पट्टी बसवा, नाही तर तोच खाचेत अडकतो.

माझा अनुभव वेगळा आहे. निम्म्या लोकांचं यंत्र चांगलं असतं, विंडोज बिघडलेली असते. अन् ते येतात ते "विंडोज मारून द्या", म्हणजे जुनं पुसून नवी टाका, असंच म्हणत! अहो, पोरीच्या बारशाचे फोटो कुठे आहेत? "सी मध्येच", म्हणजे विंडोज असते त्याच कप्प्यात. मग मारू कशी? आधी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून फोटो-कागद बाहेर काढून घेतो, मग विंडोजला हात लावतो. तुमचा दुकानदार डेटाबद्दल न विचारता फॉरमॅट मारायला निघाला तर मशीन उचला अन् घरी या.

दुसरं म्हणजे बिटलॉकर, डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय. नव्या मशीनवर तो बऱ्याचदा आपोआप चालू असतो. बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) अपडेट केलं किंवा बोर्ड बदलला की सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती नसेल तर तो डेटा मीही काढू शकत नाही, अन् दुसरा कोणीही नाही. आजच पाहून वहीत लिहून ठेवा.

खामला

आमचं बारकं होतं. रोज सुरू करताना "एफ१ दाबा" म्हणायचा, तारीख कुठल्या कुठे मागे गेलेली, आणि त्या चुकीच्या तारखेमुळे बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडेना. मशीन बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल बोर्डावर असतो, तो संपला होता. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

नंदनवन

माझा त्रास चालू आहे अजून, म्हणून विचारतो. सकाळी सुरू होतो, दुपारी बटण दाबल्यावर दोन मिनिटांत आपणच बंद. कॅबिनेट उघडून धूळ काढली, फरक नाही पडून राहिला.

सीताबर्डीत दुरुस्ती करतो

भाऊ, प्रोसेसरवरचा पंखा हलवून पाहा. त्याच्या चार कोपऱ्यांतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एखादी सुटली असेल तर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा पंख्याखालचा धातूचा ठोकळा, प्रोसेसरला टेकतच नाही, आणि बाहेर ४५ डिग्री असताना मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. खुंट्या पक्क्या असतील तर ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली असेल. जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. आणि ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

नंदनवन

डाव्या वरची खुंटी खरंच सुटलेली निघाली. दाबली. दुपारचे अडीच वाजलेत, चालू आहे.