बिल्ला बदललेली माझ्दा? अर्धंच खरं

नवी फियाट १२४ स्पायडर (२०१६ मध्ये आलेली, आता बंद झालेली उघड्या टपाची गाडी) म्हणजे 'बिल्ला बदललेली माझ्दा' असं काही जण म्हणतात, ते अर्धंच पटतं. सांगाडा माझ्दाच्या एमएक्स-५ या दोन आसनी गाडीचा आणि जुळणी माझ्दाच्या हिरोशिमातल्या कारखान्यात, हे कबूल. पण इंजिन फियाटचं स्वतःचं, १.४ लिटर टर्बो. गंमत पुढे आहे. त्या टर्बोचा टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) नव्या एमएक्स-५ च्या नाजूक गिअरबॉक्सला झेपणारा नव्हता, म्हणून आधीच्या पिढीच्या एमएक्स-५ चा दणकट सहा गिअरचा बॉक्स बसवला. चालवताना हा फरक हाताला कळतो. माझ्दात इंजिन वर वर गरगरवत न्यायची मजा, तर इथे मधल्या आरपीएमलाच पाठीत रेटा बसतो, मात्र त्याआधी टर्बो क्षणभर विचार करतो. (मला तो विचार आवडत नाही, पण असो.)

आणि बिल्ल्याचंच म्हणाल, तर १९६६ सालच्या मूळ १२४ स्पायडरची बॉडीही फियाटकडे नाही, पिनिनफरिना या इटलीतल्या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे बनायची. १९८५ मध्ये उत्पादन थांबलं, त्याआधीची शेवटची काही वर्षं तर ती फियाट म्हणून नव्हे, पिनिनफरिनाच्या नावानेच विकली जात होती. तेव्हा 'अस्सल' कशाला म्हणायचं? माझी खरी तक्रार बॉनेटवरच्या दोन उंचवट्यांबद्दल आहे. जुन्या गाडीत ते १.६ लिटरचं उंच इंजिन मावावं म्हणून आले होते, नव्या गाडीत निव्वळ आठवण म्हणून आहेत.